गवती सुगंधी तेलांचे घटक-पृथक्करण आणि जिवाणुरोधक चाचणी: गवत कापण्यापासून एमआयसी वाचण्यापर्यंत

गवती चहा, रोशा गवत आणि सिट्रोनेला यांच्या तेलांवरचे प्रकल्प-अहवाल वाचताना एक चूक पुन्हा पुन्हा समोर येते. जिवाणूंवरची चाचणी मनापासून केलेली असते, तक्ते नीटनेटके असतात, पण चाचणीत वापरलेले तेल नेमके कोणते होते हे अहवालातून कळत नाही. घटकांचे विश्लेषण एका बाटलीतल्या तेलाचे होते आणि जिवाणूंवर वापरले जाते ते दुसऱ्या बाटलीतले, कित्येक महिने उघडझाप झालेले तेल. अशा वेळी ‘गवती चहाचे तेल स्टॅफिलोकॉकसवर प्रभावी आहे’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून पुढचे सगळे टप्पे एका नियमाभोवती बांधले आहेत: एका ऊर्ध्वपातनाच्या तेलाला एकच क्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकाचे पृथक्करण व जिवाणू-चाचणी शक्यतो एकाच आठवड्यात करावी.

## टप्पा १: गवत कापण्यापूर्वीची तयारी

बहुतेक जण आधी तेल काढतात आणि मग जिवाणूंच्या मागे लागतात. क्रम उलटा हवा. तेल काढल्या दिवसापासून बदलू लागते, तर प्रमाणित जिवाणू गोठवलेल्या साठ्यातून जागे करून दोनदा पुनर्रोपण करायलाच काही दिवस जातात. गवत कापायच्या आधी एश्चेरिकिया कोलाय (एटीसीसी या जिवाणू-संग्रहातला क्रमांक २५९२२), स्टॅफिलोकॉकस ऑरियस (चकती-चाचणीसाठी एटीसीसी २५९२३ आणि एमआयसीसाठी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारी सर्वांत कमी संहती काढण्यासाठी, एटीसीसी २९२१३) आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा (एटीसीसी २७८५३) यांच्या ताज्या वसाहती तयार असाव्यात.

त्याच काळात तेलाशिवाय एक कोरी फेरी करून घ्यावी. जेंटामायसिनची १० मायक्रोग्रॅमची चकती ई. कोलायच्या प्रमाणित वाणावर १९ ते २६ मिलिमीटरचे क्षेत्र, म्हणजे चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ, देते. तुमच्या प्लेटवर १५ मिलिमीटर आले, तर दोष माध्यमाच्या जाडीत, रोपणाच्या (प्लेटवर पसरलेल्या जिवाणू-द्रावाच्या) दाटपणात किंवा चकतीच्या वयात आहे, आणि तो आत्ताच शोधायला हवा.

तपासणी: नियंत्रण-चाचणी लागोपाठ दोनदा मर्यादेत आल्याशिवाय टप्पा २ कडे जाऊ नये.

## टप्पा २: गवत ओळखणे, कापणे, सुकवणे

सिम्बोपोगॉन प्रजातीतली गवते दिसायला एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की वासावर ठेवलेला भरवसा हमखास फसवतो. रोशा गवताच्या मोतिया आणि सोफिया या दोन प्रकारांत डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण मोतियापासून जेरॅनिऑलने भरलेले पामारोसा तेल मिळते, तर सोफियापासून जिंजरग्रास तेल मिळते आणि त्यात जेरॅनिऑल बरेच कमी असते. गवती चहाचीही तीच गत आहे. सिम्बोपोगॉन सिट्रॅटस आणि सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस या दोन्हींच्या तेलांत सिट्रॅल (नेरल आणि जेरॅनियल या दोन समघटकांचे मिश्रण) मुख्य असते, पण पहिल्यात मिर्सीन लक्षणीय प्रमाणात आढळते. फुलोऱ्यासह नमुना दाबून वाळवावा, वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्यावी आणि तो नमुना क्रमांकासह जपून ठेवावा.

कापणी दव उडून गेल्यावर, एकाच वेळी आणि एकाच वयाच्या पात्यांची करावी. पाते बोटांतून उलटे ओढले तर कातडी कापली जाते, म्हणून हातमोजे घालावेत. कापलेले गवत सावलीत, पातळ थरात पसरून एक दिवस कोमेजू द्यावे. पाणी उडाल्याने पात्रात जास्त गवत मावते. ते पिशवीत दाबून ठेवल्यास आतून गरम होते आणि बुरशी धरते, तर ओव्हनमध्ये वाळवल्यास मिर्सीनसारखे हलके घटक आधीच निघून जातात.

ऊर्ध्वपातनाला बसण्यापूर्वी त्याच ढिगातला थोडा नमुना वेगळा काढून त्यातला ओलावा मोजावा. ओलावा न सांगता दिलेला ‘०.५ टक्के उतारा’ हा ताज्या गवतावरचा आहे की वाळलेल्या, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

## टप्पा ३: क्लेव्हेंजर उपकरणातले ऊर्ध्वपातन

१. पाती दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कापावीत, तीही पात्रात भरण्याच्या अगदी आधी. मिक्सरमध्ये लगदा करू नये, कारण तेलपेशी फुटून वास खोलीभर पसरतो, म्हणजे तेल तिथेच उडत असते.

२. दोन लिटरच्या गोल बुडाच्या पात्रात १०० ग्रॅम गवत आणि सुमारे एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. पात्र दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उकळी सौम्य राहावी म्हणून काचमणी किंवा पोर्सेलीनचे तुकडे पाणी थंड असतानाच टाकावेत.

३. क्लेव्हेंजरची (वाफेबरोबर आलेले तेल वेगळे जमवून मोजणाऱ्या काचेच्या उपकरणाची) मोजनळी आधी पाण्याने भरून घ्यावी. शीतकातले पाणी खालून वर वाहू द्यावे आणि ते थंड आहे ना हे मधूनमधून हाताने पाहावे.

४. पहिला थेंब पडल्याची वेळ नोंदवावी आणि तिथून तीन तास मोजावेत. दर अर्ध्या तासाने तेलाची पातळी वाचावी. लागोपाठ दोन वाचने सारखी आली की ऊर्ध्वपातन पूर्ण झाले असे धरावे.

घाई सर्वाधिक होते ती या चौथ्या पायरीवर. पहिल्या तासातच नळीत पिवळसर तेलाचा स्वच्छ थर जमतो, आणि आता पुरे, असे वाटू लागते. पण सगळे घटक एकाच वेगाने येत नाहीत. एलेमॉलसारखे जड सेस्क्वीटर्पीन घटक उशिरा उतरतात. तासाभरात थांबवलेले आणि तीन तास चालवलेले तेल एकाच गवताचे असले, तरी त्यांचे पृथक्करण वेगळे येते आणि मग एकाच ढिगातल्या तीन फेऱ्याही आपसांत जुळत नाहीत.

वाळ्याचे तेल काढायचे असेल, तर हे वेळापत्रक लागू पडत नाही. त्याच्या मुळ्या आधी भिजवाव्या लागतात, ऊर्ध्वपातनाला कितीतरी अधिक तास लागतात, आणि तेलाची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की थर वेगळा व्हायला वेळ द्यावा लागतो.

इशारा: तेल नळीला चिकटते म्हणून काही पद्धतींत झायलीन घालतात. हे तेल जिवाणूंवर किंवा क्रोमॅटोग्राफीत वापरायचे असल्यास झायलीन अजिबात घालू नये.

तपासणी: एकाच ढिगातून किमान तीन स्वतंत्र ऊर्ध्वपातने करावीत. एका तेलाला तीनदा यंत्रात सोडणे म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत.

## टप्पा ४: पाणी काढणे आणि साठवण

उपकरण थंड झाल्यावर तेल लहान काचेच्या कुपीत घ्यावे. त्यात निर्जल सोडिअम सल्फेट चिमूटचिमूट टाकत राहावे. कण एकमेकांना न चिकटता सुटे हलू लागले की पाणी संपले असे समजावे. मग तेल गडद रंगाच्या लहान कुप्यांत, काठोकाठ भरून, ४ अंश सेल्सिअसला ठेवावे. एका मोठ्या बाटलीपेक्षा पाच छोट्या कुप्या बऱ्या, कारण एक उघडली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

झाकणाच्या आत टेफ्लॉनचे अस्तर असावे, कारण रबर तेलात फुगते. पॉलिस्टायरीनच्या नळ्या आणि डिश शुद्ध तेलाने मऊ पडतात, धुरकटतात आणि त्यांतली द्रव्ये तेलात उतरतात. म्हणून शुद्ध तेल काच किंवा पॉलिप्रॉपिलीनमध्येच हाताळावे.

सिट्रॅल हवेने ऑक्सिडीभूत होते, आम्लाच्या संपर्कात त्याचे वलयीभवन होते, आणि मिर्सीनचे बहुवारिकीकरण होऊन तेल दाट होते. जुन्या बाटलीतल्या तेलाने चाचणी केली, तर आलेला परिणाम त्या बाटलीच्या वयाचा असतो.

## टप्पा ५: गॅस क्रोमॅटोग्राफी आणि घटकांची ओळख

तेल थेट यंत्रात सोडू नये. १० मायक्रोलीटर तेल ९९० मायक्रोलीटर हेक्झेनमध्ये मिसळून एक टक्क्याचे द्रावण करावे, त्यातले १ मायक्रोलीटर सुमारे १:५० विभाजनाने, म्हणजे त्याचा लहानसा भागच स्तंभात जाईल असे, सोडावे. ५ टक्के फिनाइल असलेला अध्रुवी स्तंभ (३० मीटर × ०.२५ मिलिमीटर, थर ०.२५ मायक्रोमीटर), मिनिटाला १ मिलिलीटर हेलियम, आणि भट्टीचे तापमान ६० अंशांपासून मिनिटाला ३ अंशांनी २४० अंशांपर्यंत, ही मांडणी या तेलांना पुरते. वस्तुमान वर्णपट, म्हणजे रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वस्तुमाने दाखवणारा आलेख, ७० इलेक्ट्रॉनव्होल्टवर घ्यावा.

यानंतर बहुतेक जण संगणकाने सुचवलेले पहिले नाव उचलून तक्त्यात बसवतात. मोनोटर्पीन (दहा कार्बनच्या सुगंधी घटकांच्या) वर्गात असे करणे धोक्याचे आहे, कारण अनेक घटक जवळजवळ सारखेच तुकडे देतात. जेरॅनिऑल, नेरल आणि जेरॅनियल या तिघांच्याही वर्णपटात ६९ वस्तुमानाच्या तुकड्याचे शिखर ठळक असते, त्यामुळे नुसता वर्णपट जुळणे हा पुरेसा पुरावा होत नाही. त्याच्या जोडीला धारण-निर्देशांक, म्हणजे घटक स्तंभातून केव्हा बाहेर पडतो हे अल्केन या हायड्रोकार्बनांच्या तुलनेत सांगणारा आकडा, काढावा लागतो.

त्यासाठी सरळ साखळीच्या अल्केनचे मिश्रण त्याच दिवशी, त्याच तापमान-क्रमाने चालवावे. नंतर घटकाच्या आधीचा आणि नंतरचा अल्केन धरून हिशेब करावा. समजा, १२ कार्बनचा अल्केन १८.४० मिनिटांना, १३ कार्बनचा २३.२० मिनिटांना आणि आपला घटक २१.४७ मिनिटांना आला. २१.४७ मधून १८.४० वजा केले की ३.०७ उरतात. दोन अल्केनमधले अंतर ४.८० आहे. ३.०७ ला ४.८० ने भागून १०० ने गुणले की ६४ मिळतात, आणि ते १२०० मध्ये मिळवले की निर्देशांक १२६४ येतो. अशा स्तंभावर हा जेरॅनियलचा निर्देशांक आहे.

याच स्तंभावर मिर्सीन ९८८, लिनालूल १०९५, सिट्रोनेलल ११४८, सिट्रोनेलॉल १२२३, नेरल १२३५, जेरॅनिऑल १२४९ आणि जेरॅनिल ॲसिटेट १३७९ यांच्या आसपास दिसतात. दोन-चार एककांचा फरक चालतो. दहाचा पडला, तर नाव पुन्हा तपासावे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी: नुसता निर्देशांकही पुरत नाही. काही सिम्बोपोगॉन गवतांत आढळणारा पायपेरिटोन हा कीटोनही नेमका १२४९ च्या आसपासच येतो. पण त्याचे मुख्य शिखर ८२ ला असते आणि रेणुभार १५२, तर जेरॅनिऑलचे मुख्य शिखर ६९ ला आणि रेणुभार १५४ असतो. निर्देशांक आणि वर्णपट हे दोन्ही साक्षीदार एकच नाव घेतील, तेव्हाच ते तक्त्यात लिहावे.

टक्केवारी काढताना वस्तुमान-शोधकाच्या क्षेत्रफळाऐवजी ज्योत-आयनीभवन शोधकाचे (एफआयडी) क्षेत्रफळ वापरावे. वस्तुमान-शोधकाचा प्रतिसाद घटकागणिक बराच बदलतो. ज्योतीचा प्रतिसाद त्या मानाने समतोल असतो, जरी ऑक्सिजनयुक्त घटकांना तो थोडा कमी पडतो.

इशारा: नमुना दाट असेल तर सिट्रॅलची शिखरे एका बाजूला कलतात, शिखराचा माथा पुढे सरकतो आणि निर्देशांक चुकतो. अशा वेळी द्रावण आणखी पातळ करून तीच फेरी पुन्हा घ्यावी.

तपासणी: गवती चहाच्या तेलात नेरल आणि जेरॅनियल मिळून बहुधा ६५ ते ८५ टक्के असतात आणि त्यांत जेरॅनियल अधिक असते. पामारोसात जेरॅनिऑल बहुधा ७० ते ८५ टक्के आणि जावा सिट्रोनेलात सिट्रोनेलल ३० ते ४५ टक्के असते. तुमचा आकडा यापासून फार दूर गेला, तर गवताची ओळख, ऊर्ध्वपातनाची वेळ आणि साठवण या क्रमाने मागे जाऊन शोध घ्यावा. ‘सिट्रॅल’ असे एकच नाव न लिहिता दोन्ही समघटक वेगळे दाखवावेत.

## टप्पा ६: चकती-चाचणी, फक्त चाळणी म्हणून

म्यूलर-हिंटन आगरचा (जिवाणू वाढवण्याच्या प्रमाणित घट्ट माध्यमाचा) थर ४ मिलिमीटर जाडीचा असावा. रोपण ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे, म्हणजे मिलिलीटरला सुमारे १ ते २ × १०⁸ पेशींचे करावे. ६ मिलिमीटरच्या चकतीवर ५ किंवा १० मायक्रोलीटर तेल टाकून ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवावे. एका डिशमध्ये एकाच तेलाची चकती ठेवावी, कारण बाष्प सगळ्या डिशभर फिरते.

क्षेत्राच्या व्यासावरून तेलांची क्रमवारी लावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. तेल पाण्यात विरघळत नाही, आगरमध्ये नीट पसरत नाही, आणि जड घटकांचे तेल तर चकतीखालीच अडकून राहते. वाळ्याच्या तेलाचे क्षेत्र लहान आले म्हणजे ते निष्प्रभ ठरत नाही, आणि गवती चहाचे क्षेत्र मोठे दिसते त्यात बाष्पाचाही वाटा असतो. व्यासात चकतीचे ६ मिलिमीटर धरले आहेत की नाहीत, हेही लिहावे.

## टप्पा ७: एमआयसी, सूक्ष्म विरलन पद्धतीने

९६ खाचांच्या प्लेटवर होणारी ही चाचणी खरे उत्तर देते, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

१. म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये (त्याच माध्यमाच्या द्रवरूपात) ०.५ टक्के ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) मिसळून त्यात तेलाचे मिलिलीटरला ३२ मायक्रोलीटर या संहतीचे पायस करावे. जोरात घुसळावे आणि लगेच वापरावे. दहा मिनिटे ठेवले तर तेल वर येऊन पृष्ठभागावर तवंग धरते, आणि मग पिपेटमध्ये कधी नुसता ब्रॉथ येतो, तर कधी नुसते तेल.

२. स्तंभ १ मध्ये २०० मायक्रोलीटर पायस घालावे. स्तंभ २ ते ११ मध्ये तेवढ्याच ट्वीनचा १०० मायक्रोलीटर ब्रॉथ घालावा.

३. स्तंभ १ मधून १०० मायक्रोलीटर स्तंभ २ मध्ये न्यावे, आठ-दहा वेळा वरखाली करून मिसळावे, टिप बदलावी आणि असेच स्तंभ १० पर्यंत जावे. शेवटचे १०० मायक्रोलीटर टाकून द्यावेत. स्तंभ ११ मध्ये तेल जाऊ देऊ नये, कारण तो वाढीचा नियंत्रक आहे, म्हणजे तेलाशिवाय जिवाणू वाढतात ना हे त्यावरून कळते. स्तंभ १२ मध्ये ट्वीनयुक्त ब्रॉथ २०० मायक्रोलीटर, जिवाणूंशिवाय.

४. ०.५ मॅकफार्लंडचे रोपण शंभरपट पातळ करून स्तंभ १ ते ११ मध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलीटर घालावे. आता प्रत्येक खाचेत मिलिलीटरला सुमारे ५ × १०⁵ पेशी होतात.

५. रोपण घातल्याने तेलाची संहती निम्मी होते. स्तंभ १ मध्ये ३२ नव्हे, १६ मायक्रोलीटर प्रति मिलिलीटर उरतात, पुढे ८, ४, २ आणि शेवटी स्तंभ १० मध्ये सुमारे ०.०३. हे निम्मे करायचे विसरल्यामुळे दुप्पट लिहिलेली एमआयसी मी कितीतरी अहवालांत पाहिली आहे.

६. प्लेट चिकट पारदर्शक फितीने बंद करून ३५ अंशांना १६ ते २० तास ठेवावी.

फितीचे महत्त्व मला माझ्याच प्लेटने शिकवले. त्या वेळी वाढीचा नियंत्रक मी सर्वाधिक संहतीच्या शेजारी ठेवला होता. सकाळी तो स्तंभ स्वच्छ दिसला आणि रोपण घालायला विसरलो, अशी माझी खात्री झाली. दुसऱ्या दिवशी तीच मांडणी उलट बाजूने केली, तर या वेळी दुसऱ्या टोकाच्या, पुन्हा दाट तेलाच्या शेजारच्या खाचा स्वच्छ राहिल्या. सिट्रॅलचे बाष्प खाच ओलांडून शेजारच्या पेशी मारत होते. तेव्हापासून नियंत्रक कमी संहतीच्या बाजूला ठेवतो, एका प्लेटवर एकच तेल घेतो आणि प्लेट कधीही उघडी ठेवत नाही.

वाचन करताना तेलाच्या पायसाचा गढूळपणा आणि जिवाणूंचा गढूळपणा डोळ्यांना किंवा यंत्राला वेगळा करता येत नाही. म्हणून ०.०१५ टक्के रेझाझुरिनचे (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या रंजकाचे) २० ते ३० मायक्रोलीटर प्रत्येक खाचेत घालून एक ते दोन तास थांबावे. निळा रंग गुलाबी झाला तर पेशी जिवंत आहेत. निळा राहिलेली सर्वांत कमी संहती ही एमआयसी.

तपासणी: जिवाणूंशिवाय केवळ तेल आणि रेझाझुरिन असलेली मालिका वेगळ्या प्लेटवर चालवावी, म्हणजे तेल स्वतःच रंग बदलत नाही ना हे कळते. वाढीच्या नियंत्रकातून रोपण घातल्या घातल्या १० मायक्रोलीटर काढून १० मिलिलीटर सलाइनमध्ये मिसळावेत आणि त्यातले १०० मायक्रोलीटर आगरवर पसरावेत. सुमारे ५० वसाहती आल्या तर पेशींची संख्या बरोबर आहे.

इशारा: ट्वीन ८० वाढवून पायस स्थिर करण्याचा मोह टाळावा. तो तेलाचे रेणू स्वतःकडे धरून ठेवतो आणि तेल आहे त्यापेक्षा दुबळे दिसते. तेल निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये तर कधीच ठेवू नये.

## टप्पा ८: पेशी मेल्या की फक्त थांबल्या

निळ्या राहिलेल्या प्रत्येक खाचेतून, शक्यतो रंग न घातलेल्या जोड-प्लेटमधून, १० मायक्रोलीटर आगरवर टाकावेत. सुरुवातीला एवढ्या आकारमानात सुमारे ५००० पेशी होत्या, म्हणून ९९.९ टक्के मृत्यूसाठी पाच किंवा त्याहून कमी वसाहती दिसायला हव्यात. एवढा मृत्यू घडवणारी सर्वांत कमी संहती एमआयसीच्या चौपटीपर्यंत असेल, तर तेलाला जिवाणुनाशक म्हणता येते.

बाष्पाची चाचणी करायची असेल, तर रोपण केलेली डिश उलटी ठेवून तेलाची चकती झाकणाच्या मध्यभागी ठेवावी, म्हणजे तेल आगरला स्पर्श करत नाही. अशा वेळी मात्रा डिशमधल्या हवेच्या प्रत्येक मिलिलीटरला किती तेल, अशी लिहावी.

## टप्पा ९: निकाल जुळवणे आणि लिहिणे

एमआयसी ही दुप्पट-दुप्पट पायऱ्यांवर मोजलेली असते, म्हणून एका पायरीचा फरक हा पद्धतीचाच फरक धरावा. एका तेलाची एमआयसी १ आणि दुसऱ्याची २ आली, तर पहिले तेल ‘दुप्पट प्रभावी’ ठरत नाही. तीन फेऱ्यांची सरासरी व प्रमाण विचलन देण्यापेक्षा मध्यक द्यावा किंवा तिन्ही आकडे सरळ लिहावेत.

एकके हा दुसरा गोंधळ. १ टक्का आकारमानाने म्हणजे मिलिलीटरला १० मायक्रोलीटर. तेलाची घनता ०.८९ असेल, तर तेच मिलिलीटरला ८.९ मिलिग्रॅम. घनता स्वतः मोजून अहवालात द्यावी.

घटक आणि परिणाम यांची सांगड घालताना जपून लिहावे. सिट्रॅल आणि जेरॅनिऑल पेशीपटलाला धक्का देतात, आणि सिट्रॅल ॲल्डिहाइड असल्याने प्रथिनांतल्या गटांशी अभिक्रियाही करते. मिर्सीन एकटे जवळजवळ काहीच करत नाही, पण सिट्रॅलसोबत असताना परिणाम वाढवू शकते. त्यामुळे ‘८० टक्के सिट्रॅल, म्हणून परिणाम सिट्रॅलचा’ असे लिहिण्यापूर्वी शुद्ध सिट्रॅल त्याच प्लेटवर, तेलात असते त्याच प्रमाणात चालवून पाहावे. स्यूडोमोनासवर तेल दुबळे ठरले, तर ते नोंदवण्यात कमीपणा नाही. स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्यपटल आणि पेशीतून द्रव्ये बाहेर फेकणारे पंप यांमुळे ते अपेक्षितच असते.

प्लेट वाचून झाल्या की १२१ अंशांना किमान १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करून मगच टाकाव्यात. उरलेल्या कुपीवर क्रमांक, ऊर्ध्वपातनाची तारीख आणि ती पहिल्यांदा उघडल्याची तारीख, या तिन्ही गोष्टी लिहून ती पुन्हा थंडीत ठेवावी.